सीदी अय्यूर यांचा कोटा

राजधानी, २० नोव्हेंबर २००६

प्रिय दूधभाऊ हम्मू,

सलाम. हे पत्र बसवाल्या इद्रीसच्या हाती पाठवतो आहे. तिमझ्रात फोनला फक्त कबरस्तानाच्या टेकडीवर रेंज येते, आणि तिथे उभा राहून तू माझ्याशी ज्या आवाजात भांडतोस तो तिथल्या मंडळींना आवडत नसावा.

बातमी आनंदाची आहे. आमच्या खात्याने ऑक्टोपससाठी कोटा ठरवला आहे. तिमझ्राच्या बासष्ट होड्यांना मिळून या हंगामात चाळीस टन. हंगाम ११ डिसेंबरला सूर्योदयाला उघडेल आणि चाळीस टन भरले की बंद होईल. सगळा माल सरकारी लिलावघरातच विकायचा. बाहेर विकला तर होडी जप्त.

तू लगेच भुवई चढवशील, म्हणून समजावून सांगतो. समुद्रातून माल कमी येणार. माल कमी झाला की भाव वाढतो. हा हिशेब साखरेच्या खड्यालासुद्धा कळतो. मागच्या वर्षी तुला किलोमागे साठ दिरहम मिळाले, यंदा शंभर मिळतील. तेव्हा व्यापारी हाजी मक्की आपली होडी 'इज्जा' विकत मागतो आहे त्याला साफ नाही म्हणून सांग. बाबांनी जाताना आईच्या नावाची ती होडी आपल्या दोघांच्या नावावर केली. मी त्यांच्या पोटचा नसूनही मला अर्धी दिली. माझ्या सहीशिवाय ती विकता येत नाही, आणि मी सही करणार नाही.

आईला माझा मुजरा सांग. तिच्या गुडघ्यांसाठी तेल पाठवलं आहे.

तुझ्याहून चाळीस दिवसांनी मोठा,
बूजमआ

•

तिमझ्रा, २ जानेवारी २००७

चाळीस दिवसांनी मोठ्या आणि चाळीस वर्षांनी शहाण्या बूजमआला सलाम.

तुझा कोटा पाहिला. डोळे भरून पाहिला. नऊ दिवसांत संपला, त्यामुळे फार वेळ पाहता आला नाही.

तुम्ही चाळीस टनांचं एकच ताट वाढलंत आणि बासष्ट माणसांना सांगितलंत, सोमवारी सूर्य उगवला की जेवायला बसा. मग कोण हळू खाईल? सोमवारी पहाटे अख्खा गाव पाण्यात. तिसऱ्या दिवशी वादळ आलं. एरवी अशा लाटा पाहून आपण जाळी शिवत बसतो. पण आज मी थांबलो तर माझ्या वाट्याचं दुसरा उचलणार, म्हणून सगळे गेले. माझ्या होडीवरच्या बलईदचा हात ऑक्टोपस धरायच्या मडक्यांच्या दोरात सापडून मोडला. तो कण्हत म्हणाला, "हम्मू, आधी मडकी ओढ, हात मग बघू."

माल आला. एवढा आला की लिलावघरात पाय ठेवायला जागा नव्हती. बर्फ दुसऱ्या दिवशी संपला. घेणारा एकटा हाजी मक्की, कारण ट्रक त्याचा आणि बर्फखाना त्याचा. तो खुर्चीत बसून नुसतं बोट वर करायचा. बाकीच्या व्यापाऱ्यांना त्या दिवशी एकदम खोकला झाला होता. मागच्या वर्षी बाराशे रियाल किलो होता तो चारशेवर आला. (तू दिरहममध्ये लिहितोस, मी रियालमध्ये लिहितो. वीस रियालचा एक दिरहम. निदान आकडा तरी पोट भरल्यासारखा दिसतो.)

तुझं खरं होतं, माल कमी होता. पण तो सगळा एकाच आठवड्यात कमी होता.

आता समुद्र तेलासारखा शांत आहे, मडकी कुंपणावर वाळत आहेत आणि आम्ही बसलो आहोत. हाजी बर्फखान्यातला तोच माल अठराशेने विकतो. परवा ईद झाली. मी आणलेला मेंढा बघून बायको तमू म्हणाली, "हा कापायचा की मुलांना खेळायला आणलाय?"

आणि एक वाईट झालं. हंगामाच्या पहिल्या शुक्रवारी प्रत्येक होडीचं पहिलं मडकं सीदी अय्यूरच्या दर्ग्याला द्यायचं असतं. त्या धांदलीत बासष्टांपैकी एकालाही आठवण राहिली नाही. दर्ग्याची किल्ली आईकडे. ती तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताटात भाकरी ठेवते आणि भिंतीकडे बघून म्हणते, "खा म्हणावं."

हाजी पुन्हा आला होता. म्हणतो, "परवाना आहे तोवर होडी आहे, नंतर सरपण आहे." मलाही वाटायला लागलंय की विकावी. तू सही करतोस का ते कळव.

आणि सगळ्यांना एकाच दिवशी सोडायचं हे ज्या विद्वानाच्या डोक्यातून निघालं, त्याला माझ्यातर्फे एवढं विचार, तो कधी बाजारात भाजी विकायला बसला होता का?

हम्मू

•

राजधानी, २५ जानेवारी २००७

प्रिय हम्मू,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. बलईदच्या हातासाठी मलम पाठवतो आहे.

तारखेचा निर्णय समितीचा होता. समितीत बरेच लोक असतात. कोणी एकाने ठरवलं असं म्हणता येणार नाही.

नियमात वाईट काही नाही, तुमच्या घाईत वाईट आहे. कायद्याने कुठे म्हटलंय की पहिल्याच दिवशी धावा? आपसात पाळी लावा. रोज सहा होड्या गेल्या तर माल थोडा थोडा येईल, बर्फ पुरेल, हाजीला बोट वर करायच्या जागी तोंड उघडावं लागेल. एवढी साधी गोष्ट बासष्ट प्रौढ माणसांना जमू नये?

होडी विकायची नाही. या विषयावर पुन्हा लिहू नकोस.

आईला सांग की दर्ग्याचं मडकं विसरल्याबद्दल मीसुद्धा इथून क्षमा मागतो.

बूजमआ

•

तिमझ्रा, ८ ऑगस्ट २००७

बूजमआ, सलाम.

उन्हाळ्याच्या हंगामात तुझा सल्ला पाळला. आधी तो कसा पाळला ते ऐक.

बासष्ट जण चहाच्या दुकानात जमलो. रोज सहा होड्या, असं ठरलं. सगळ्यांनी हातावर हात ठेवून शपथ घेतली. डोळ्यांत पाणी यावं असा प्रसंग होता. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या मनात आलं, इतर शपथ पाळतायत का हे बघावं तरी. बघायला समुद्रावर गेलो. जाताना चारशे मडकी सोबत घेतली, नाहीतर होडी हलकी होऊन डोलते. उजाडलं तर चहूकडे एकसष्ट होड्या. सगळे एकमेकांना सलाम करत होते. "काय हम्मू, इकडे कुठे?" "हवा बघायला आलो. तू?" "मीही हवाच."

चार दिवसांत भाव साडेतीनशेवर.

मग शुक्रवार आला. या वेळी आई आदल्या दिवशीच दाराशी काठी घेऊन उभी होती, त्यामुळे प्रत्येक होडीचं पहिलं मडकं दर्ग्यात पोचलं. नमाजानंतर त्यांचा लिलाव झाला. तुला आठवतं ना, सीदी अय्यूरच्या दारात बोली मोठ्याने लावायची, कुणीही लावावी, आणि एकदा वर गेलेली बोली खाली आणायची नाही. ट्रकवाले होते, शहरातल्या खाणावळीचे आचारी होते, नवस फेडायला आलेल्या बायका होत्या. हाजीही होता, पण त्या गर्दीत त्याचं बोट कुणाला दिसेना. पंधराशे रियाल किलो गेला! दोनशे पावलांवर, त्याच समुद्रातला, त्याच सकाळचा!

बलईद म्हणाला, "मग सगळंच सीदी अय्यूरला देऊन टाकू, आणि परत मागून घेऊ."

मशिदीतले धर्मपंडित फकीह संतापले. "दिलेलं दान परत घेणं म्हणजे ओकलेलं खाणं. मशिदीत पाय ठेवू नकोस."

पण आई बोलली. "दान कोण म्हणतंय? हम्मूचे बाबा होडीचे मालक होते तेव्हा होडीचा वाटा बाबांचा, बाकीचा खलाशांचा. आता मालक सीदी अय्यूर. होडीचा दहावा वाटा त्यांचा, तो दर्ग्याच्या दुरुस्तीला आणि विधवांना. बाकी तुमची मजुरी. मजुरी घेणं हलाल आहे की नाही, फकीह?"

फकीहांनी दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "मजुरी हलाल आहे. घाम वाळायच्या आत द्यावी असा हुकूम आहे."

मालक झाल्यावर पाळीही त्यांनीच लावली. म्हणजे आईने चिठ्ठ्या काढल्या. रोज सहा होड्या, आणि नमाजानंतर रोज दारात लिलाव. चहाच्या दुकानातली शपथ एका रात्रीत मोडली होती, पण कबरीसमोर चिठ्ठी काढल्यावर 'हवा बघायला' कुणी जात नाही. सहा होड्यांचा माल येतो, बर्फ उरतो, भाव चौदाशेच्या खाली गेलेला नाही.

एक तपासनीस येऊन गेला. आतल्या डोंगराळ भागातला, नवीन, समुद्राकडे पाठ करून बसणारा. विचारलं, "हा माल कुणाचा?" सगळे एकसुरात म्हणाले, "सीदी अय्यूरचा." त्याने लिहून घेतलं. "पत्ता?" बलईदने बोट दाखवलं. "हे इथंच असतात. कुठे जात नाहीत." तेही लिहून घेतलं. भला माणूस होता. चहा दोनदा घेतला.

हम्मू

•

राजधानी, २ सप्टेंबर २००७

हम्मू,

तुझा भला माणूस माझ्या जिवावर उठला आहे.

त्याचा अहवाल फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. 'श्री. सीदी अय्यूर, मच्छीमार, रा. तिमझ्रा, यांनी आजपर्यंत एकतीस टन माल उतरवल्याचे आढळले. परवाना दाखवला नाही. विक्री स्वतःच्या दारात करतात. स्वभावाने शांत.' त्यावर आमच्या साहेबांनी लाल शाईत लिहिलं, 'सदर इसमाने ओळखपत्रासह पंधरा दिवसांत समक्ष हजर राहावे.'

सदर इसम चारशे वर्षांपूर्वी वारले आहेत हे मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. वारले म्हटलं तर एकतीस टन कुणी काढले? मग बासष्ट होड्यांची यादी निघणार, लिलावघराबाहेर विकल्याचा गुन्हा लागणार, आणि जप्तीच्या यादीत 'इज्जा' असणार, माझ्या नावासकट.

म्हणून मी म्हणालो, "साहेब, ते फार वृद्ध आहेत. जागचे हलत नाहीत. पण त्या किनाऱ्यावर त्यांचा शब्द कुणी मोडत नाही."

साहेब खूश झाले. म्हणाले, "असे लोक आता राहिले नाहीत. इथे रोज शंभर जण येऊन माझं डोकं खातात, आणि हा माणूस काही मागत नाही. त्यांना परवाना द्या. बसतात त्या जागेलाच विक्रीकेंद्राची मान्यता द्या. आणि त्यांना माझा सलाम कळवा."

कागद सोबत आहे. शिक्का खरा आहे. मी आयुष्यात एकदाही खोटं लिहिलं नाही, हम्मू, या वेळीही नाही. वृद्ध आहेत, हलत नाहीत, शब्द कुणी मोडत नाही. तरी तीन दिवस जेवण गेलं नाही.

साहेबांचा सलाम पोचव.

बूजमआ

•

तिमझ्रा, २२ सप्टेंबर २००७

बूजमआ, रमजानच्या शुभेच्छा.

सलाम पोचवला. आईने परवाना काचेत बसवून कबरीच्या उशाशी लावला आहे. म्हणते, चारशे वर्षांत सरकारचं पहिलं पत्र आलं, तेही बरं आलं.

हंगाम संपला. चाळीस टन पुरायला अकरा आठवडे लागले, एकाचाही हात मोडला नाही. 'इज्जा'ला निळा रंग दिला, नवीन दोर घेतला. तमूने विचारलं, येत्या ईदला मेंढा आणणार की पुन्हा खेळणं? मी म्हटलं, या वेळी त्याला शिंगं असतील.

हाजी मक्कीचे हाल बघण्यासारखे होते. तीस वर्षं बोटाने व्यापार केलेला माणूस, मोठ्याने बोली लावताना आवाज फाटायचा. बायका हसायच्या. "हाजी, मध घेऊन या उद्या!" पण गेल्या महिन्यात तो एकदम भाविक झाला. दर्ग्यावर हिरवी रेशमी चादर चढवली, तिची पावती दर्ग्याच्या नावाने आईकडून अंगठा लावून घेतली. छप्परही बदलून देतो म्हणाला. आईने चादर ठेवली, सोबत आणलेल्या साखरेच्या सुळक्यासारख्या ढेपा परत केल्या. म्हणाली, "चादर त्यांची. साखर माझ्यासाठी आणली होतीस, आणि मला तू गोड वाटत नाहीस."

त्याने पावती कशाला घेतली असेल? देवाच्या दारी दिलेल्याची पावती मी कधी ऐकली नव्हती.

हम्मू

•

राजधानी, १२ नोव्हेंबर २००७

हम्मू,

बसून वाच.

पुढच्या वर्षीपासून कोटा होडीप्रमाणे वाटायचा आहे. एकत्र ताट नको, ज्याचं त्याला वेगळं. तू ओरडत होतास तेच खात्याने ऐकलं. आणि कुणाला किती, ते गेल्या हंगामात कुणाच्या नावावर किती माल उतरला त्यावरून ठरणार.

नोंदवही उघडली. श्री. सीदी अय्यूर, चाळीस टन. लिलावघरातल्या पहिल्या चार दिवसांचा मालही तुझ्या त्या भल्या माणसाने त्यांच्याच नावावर चढवला आहे. तिमझ्राच्या बासष्ट होड्या, प्रत्येकी शून्य.

म्हणून पुढचा सगळा कोटा एकट्या सीदी अय्यूर यांना. आणि ज्या होडीने हंगामभर काही उतरवलं नाही तिचा परवाना १५ डिसेंबरला रद्द. यादी माझ्याच हातून टाइप झाली. 'इज्जा' सतराव्या क्रमांकावर आहे.

एक फट आहे. कोटाधारक वृद्ध असेल तर त्याचा मुखत्यार त्याच्या वतीने होड्या नेमू शकतो, आणि नेमलेल्या होड्यांचे परवाने जिवंत राहतात. पण ती फट हाजीने आधीच शोधली. सीदी अय्यूर यांचा मुखत्यार म्हणून त्याचा अर्ज आला आहे. जवळिकीचा पुरावा म्हणून हिरव्या चादरीची पावती जोडली आहे. तो मुखत्यार झाला की तुम्ही बासष्ट जण त्याचे नोकर, आणि दाम त्याच्या बोटावर.

हाजी असो की तुम्ही, मुखत्यारीसाठी खात्याला एकच कागद हवा आहे. कोटाधारकाचा हयातीचा दाखला. गावातल्या बारा साक्षीदारांनी काजीच्या लेखनिकासमोर शपथेवर दिलेला, आणि त्यातच मुखत्याराचं नाव. आधी जो आणेल त्याचा. मुदत महिनाअखेर.

आता एक गोष्ट, जी जानेवारीत लिहायला हवी होती. समितीत बरेच लोक असतात हे खरं. पण ११ डिसेंबर, सगळ्यांना एकच दिवस, हे माझ्या हातचं आहे. साहेबांनी विचारलं, "कधी उघडायचा?" तक्त्यात तारखेचा रकाना एकच होता. मी त्यात एकच तारीख लिहिली. बलईदचा हात, चारशेचा भाव, तुझा मेंढा, सगळं त्या रकान्यात मावलं.

मला शिव्या दे, पण दाखला आण.

बूजमआ

•

तिमझ्रा, २३ नोव्हेंबर २००७

बूजमआ,

शिव्या आईने दिल्या. मी मोजत बसलो नाही. शेवटी म्हणाली, "दोघांना पाजलं. एकाला अक्कल गेली, एकाला शिक्षण." कुणाला काय ते विचारायची हिंमत झाली नाही.

हाजीने चहाच्या दुकानात बारा माणसं बसवली. चहा, केक, बदाम. सगळ्यांनी खाल्लं. मग तो म्हणाला, "चला दर्ग्यात. एवढंच म्हणायचं, सीदी अय्यूर हयात आहेत आणि त्यांनी मला नेमलं." दारापर्यंत सगळे गेले. तिथे न्हावी ओम्बारक थबकला. "हाजी, ते हयात आहेत म्हणायचं, आणि त्यांच्याच तोंडावर खोटं बोलायचं? मेले असते तर तुमच्यासाठी बोललो असतो." बाराही जण चपला शोधायला लागले.

मग आमची पाळी. मी फकीहांकडे गेलो. मला होडी हवी आहे, हे खरं. पण खोटी शपथ घेऊन मिळालेल्या होडीत मी कोणत्या तोंडाने बिस्मिल्ला म्हणू? फकीहांनी दोन दिवस ग्रंथ चाळले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हयात आहेत असं लिहू नका. मेले असंही लिहू नका. आपण जे डोळ्यांनी पाहिलंय तेच लिहा." लेखनिकाने लिहिलेला मजकूर असा:

'आम्ही बारा जण शपथेवर सांगतो की सीदी अय्यूर आमच्या जन्माआधीपासून तिमझ्रात एकाच जागी राहतात. दर शुक्रवारी लोक त्यांना भेटायला येतात. ते कधी कुणाकडे गेले नाहीत. त्यांच्या दारात वर गेलेली बोली खाली येताना आम्ही पाहिली नाही. त्यांच्यासमोर काढलेली पाळी मोडताना पाहिली नाही. विधवेचा वाटा त्यांच्याकडून एकदाही चुकला नाही. त्यांची किल्ली तीस वर्षं इज्जा बिन्त हम्माद हिच्याकडे आहे आणि त्यांनी ती परत मागितलेली नाही, म्हणून त्यांची मुखत्यार आम्ही तिलाच मानतो. ज्याच्या हयातीबद्दल खात्याला शंका नाही अशा कुणाबद्दल एवढं सांगता येत असेल, तर त्याचं नाव आम्हाला माहीत नाही.'

यात एक शब्द खोटा असेल तर दाखव.

पण लेखनिक म्हणतो, होडीवाले साक्षीदार चालणार नाहीत, त्यांचा स्वार्थ आहे. मग न्हावी, मास्तर, अजान देणारा मुअज्जिन, चहावाला, कुराणपठण करणारे आंधळे बुवा, स्वतः फकीह. हाजीची माणसं सोडून गावात होडी नसलेले पुरुष मोजले. अकरा भरले. बारावा नाही. बाकी सगळ्यांची होडी आहे, निदान होडीत वाटा आहे.

तू इथला आहेस. इथलंच दूध प्यायला आहेस. पण तुझ्याही नावावर अर्धी 'इज्जा' आहे. आणि तुझं नाव दाखल्यावर आलं तर तुझ्या साहेबांना कळेल की तुला सगळं ठाऊक होतं.

मी काही मागत नाही. फक्त अकरा भरले, एवढं कळवतो.

हम्मू

•

राजधानी, २६ नोव्हेंबर २००७

हम्मू,

सोबत माझ्या वाट्याचं बक्षीसपत्र आहे. 'इज्जा' आता पूर्ण तुझी. बाबांनी मला दिली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि दोन दिवस झोपलो नव्हतो. सही करताना पुन्हा नऊ वर्षांचा झालो.

बुधवारच्या बसने येतो. साक्षीदार क्रमांक बारा, हुद्द्यासकट सही करेन. साहेबांना कळलं तर कळू दे. तेवीस वर्षांत मी जे रकाने भरले, त्यातला एक तरी बरोबर भरलेला असावा.

आईला सांग, भाकरी ठेवताना भिंतीकडे बघितलं तरी चालेल.

बूजमआ

•

तिमझ्रा, १२ जानेवारी २००८

बूजमआ, सलाम.

तू परत गेलास आणि चारच दिवसांत मंजुरीचा कागद आला. मुखत्यार म्हणून इज्जा बिन्त हम्माद, बासष्ट होड्यांना पाळीने नेमणूक. तुझं नाव यादीत पाहून तुझे साहेब काय म्हणाले हे तू लिहिलंस, ते सगळ्यांना वाचून दाखवलं: "तुम्ही त्यांना व्यक्तिशः ओळखता तर! आधी का नाही सांगितलं?" बलईद हसता हसता ओट्यावरून पडला. मोडलेला हात वर धरून पडला, म्हणजे अक्कल आली आहे.

हंगाम सुरू आहे. आज चौदाशे ऐंशी. हाजी रोज येतो, रांगेत उभा राहतो आणि ओरडून बोली लावतो. त्याचा घसा आता तयार झाला आहे. आई म्हणते, आणखी दोन हंगामांत त्याला अजान द्यायला सांगता येईल. मेंढ्याला शिंगं होती.

काल खात्याकडून आणखी एक पत्र आलं, तुझ्याच साहेबांच्या सहीचं. तू पाहिलं नसशील, म्हणून उतरवून देतो. 'श्री. सीदी अय्यूर यांच्या केंद्रावर मच्छीमारांना मिळणारा भाव संपूर्ण किनाऱ्यावर सर्वाधिक असल्याचे आढळले. कोटा-व्यवस्थेचे हे यश पाहता, त्यांनी राजधानीत येऊन अधिकाऱ्यांना मार्गदर्शन करावे. प्रवासखर्च दिला जाईल.'

आईला वाचून दाखवलं. ती कबरीवरची धूळ पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, "लिही त्यांना, आमचे मालक कुठे जात नाहीत. आणि घाई करू नका म्हणावं. साहेब असो नाहीतर व्यापारी, यांच्या गल्लीत प्रत्येकाला एकदा यायचंच आहे, आणि तिथला कोटा अजून भरलेला नाही."

तसंच लिहितो आहे. भाषा तेवढी तू सरकारी करून घे.

चाळीस दिवसांनी धाकटा,
हम्मू